माहेरचा पाऊस : साल्व्हियावरील पुस्तकाची प्रस्तावना

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीअखेर फुलांचे प्रदर्शन भरते. पाठोपाठ फेब्रुवारीत मुंबईच्या राणीच्या बागेतले. दोन्ही ठिकाणी साल्व्हिया हमखास भेटते. वाफ्याच्या कडेने, कारंज्याभोवती, अक्षरांच्या आणि आकृत्यांच्या रचनेत, जिथे म्हणून ठसठशीत लाल रंग हवा तिथे माळी साल्व्हिया लावतात. कॉलेजच्या दारात, नगरपालिकेच्या चौकात, 26 जानेवारीच्या झेंड्याभोवती आपण तिला लहानपणापासून पाहिले आहे. अनेकांना तिचे नाव ठाऊक नसते, रंग मात्र ठाऊक असतो. फुलाची नळी गळून पडली तरी तिचा तुरा लालच दिसतो, कारण फुलाखालचा निदलपुंजही त्याच रंगाचा असतो आणि तो कितीतरी दिवस टिकतो.

साल्व्हिया म्हणजे एवढेच, अशी समजूत त्यामुळे होऊन बसली आहे. ती दूर व्हावी म्हणून हे पुस्तक लिहिले. जगात साल्व्हियाच्या सुमारे 1000 जाती आहेत. मेक्सिकोचे डोंगर, दक्षिण अमेरिकेची जंगले, भूमध्य समुद्राभोवतालच्या खडकाळ उतरणी, मध्य आशिया, चीन, हिमालय असा तिचा पसारा आहे. काही वीतभर वाढतात, काही माणसापेक्षा उंच होतात. निळ्या रंगाच्या जितक्या छटा या एका प्रजातीत सापडतात तितक्या बागेतल्या फार थोड्या फुलझाडांत सापडतील. आपल्या रोपवाटिकांत यांतल्या चार-पाच सहज मिळतात. थोडी पायपीट केली, ओळखीपाळखीतून फांद्या मागून आणल्या, तर दहा-बारापर्यंत मजल जाते. महाराष्ट्रातल्या घरगुती बागेत, गच्चीत आणि खिडकीत ज्यांचा मला अनुभव आहे, त्यांच्याविषयीच या पुस्तकात लिहिले आहे.

साल्व्हियाची पहिली ओळख डोळ्यांपेक्षा बोटांनी चांगली होते. तिची कोवळी दांडी चिमटीत धरून फिरवा. ती गोल लागत नाही, चौकोनी लागते. मग अंगणातल्या तुळशीची मंजिरी धरून पाहा, पुदिन्याची काडी धरून पाहा, पानओव्याची फांदी धरून पाहा. सगळ्यांना चार कडा असतात. समोरासमोर येणारी पाने, चुरगळल्यावर येणारा वास आणि दोन ओठांचे फूल ही या कुळाची खूण आहे. तेव्हा परदेशातून आलेली असली तरी साल्व्हिया आपल्या वृंदावनाच्या भावकीतली आहे. इतकेच काय, तिची एक जात आपल्याकडे आपोआप उगवते. साल्व्हिया प्लेबिया ही फिक्या जांभळ्या, बारीक फुलांची जात भारतापासून चीन आणि ऑस्ट्रेलियापर्यंत ओलसर पडीक जमिनीत वाढते. तिला कोणी बागेत लावत नाही, म्हणून ती आपली असूनही आपल्याला अनोळखी राहिली.

साल्व्हिया हे नाव बरे असणे, बरे करणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. ते मुळात युरोपातल्या सेजचे, म्हणजे साल्व्हिया ऑफिसिनॅलिसचे नाव. स्वयंपाकात आणि औषधात तिथले लोक ही पाने शतकानुशतके वापरत आले. 1753 साली लिनियसने वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली तेव्हा हेच नाव सगळ्या प्रजातीला मिळाले. गमतीचा भाग असा, की ज्या सेजवरून सगळ्या प्रजातीचे बारसे झाले, तीच आपल्या हवेत जगवायला सगळ्यांत अवघड. माझा साल्व्हियाचा अभ्यास तिच्या मरणापासूनच सुरू झाला.

एका मैत्रिणीने मला सेजचे रोप भेट दिले होते. करड्या-हिरव्या, मखमली पानांचे. इंग्रजी पुस्तकात पाहून मी त्याला ऊन दिले, बेताचे पाणी दिले. डिसेंबरात ते अंगाने भरले, मार्च-एप्रिलच्या उन्हातही टिकले. आषाढ लागला आणि आठ दिवसांत पाने खालून काळी पडू लागली. मी पाणी तोडले, पण आभाळ तोडत नव्हते. नागपंचमीपर्यंत कुंडीत नुसती काडी उरली. दुसऱ्या वर्षी नवे रोप आणले, तेही त्याच महिन्यात गेले. तिसऱ्या वर्षीही तेच घडल्यावर माझ्या लक्षात आले, की चूक हाताची नव्हती, पुस्तकाची होती. म्हणजे पुस्तक त्याच्या जागी बरोबर होते, ते माझ्या जागेसाठी लिहिलेले नव्हते.

युरोप-अमेरिकेतली साल्व्हियावरची पुस्तके एकाच भीतीभोवती फिरतात, ती म्हणजे गोठवणारी थंडी. कोणती जात उणे पाच अंशांना टिकते, कोणती उणे दहाला, कोणती घरात घ्यावी, कोणत्या जातीची कलमे हिवाळ्याआधी करून ठेवावीत, हे त्यांत बारकाईने दिलेले असते. आपल्या पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूरच्या बागेत त्या माहितीचा उपयोग जवळजवळ नाही. आपला कसोटीचा काळ थंडीचा नसून जून ते सप्टेंबरचा. मुळांभोवती साचलेले पाणी, दिवसेंदिवस न वाळणारी पाने, सूर्याचे दर्शन नाही आणि वर दमट उकाडा. साल्व्हिया आपल्याकडे मरते ती पावसात मरते. म्हणून एखादी जात घ्यावी की नाही हे ठरवताना तिला किती थंडी सोसते हा प्रश्न आपण बाजूला ठेवावा आणि वेगळा प्रश्न विचारावा : हिच्या माहेरी पाऊस कधी पडतो?

या एका प्रश्नाने माझी बाग बदलली. पुढचे सगळे पुस्तक याच प्रश्नाच्या आधाराने रचले आहे, म्हणून तो इथे थोडा उलगडून सांगते.

नकाशा उघडून मेक्सिको सिटी शोधा. ती साधारण 19.4 उत्तर अक्षांशावर आहे. आपली मुंबई 19 वर आणि पुणे साडेअठरावर. जवळजवळ एकच रेषा. याचा अर्थ असा, की मध्य मेक्सिकोत दिवस जसा वर्षभर लहान-मोठा होतो तसाच तो आपल्याकडे होतो : जूनमध्ये सुमारे सव्वातेरा तास, डिसेंबरात अकरा. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तिथला पाऊसही उन्हाळ्यात येतो, मुख्यतः मे ते ऑक्टोबर. नंतर कोरडा, थंड, उजळ हंगाम लागतो. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंच आहे, म्हणून तिथली हवा आपल्यापेक्षा थंड. पण वर्षाचा ताल आपलाच. तिथल्या डोंगरातल्या साल्व्हिया पावसात पाला वाढवतात आणि पाऊस सरून दिवस लहान होऊ लागले की फुलतात. आपल्या शेवंतीचा, झेंडूचा, दसरा-दिवाळीचा हाच क्रम आहे.

या गटातली माझी सगळ्यांत लाडकी साल्व्हिया ल्यूकँथा. निमुळती, खालून पांढरी लव असलेली पाने, आणि फांदीच्या टोकाला जांभळ्या मखमलीचा लांब तुरा. बरेच जण त्या मखमलीलाच फूल समजतात. ती निदले असतात. खरे फूल त्यांतून बाहेर डोकावते आणि मूळ रूपात ते पांढरे असते. ल्यूकँथा या नावाचा अर्थच पांढऱ्या फुलाची. सगळे फूल जांभळे असलेला वाणही मिळतो. तिचे झुडूप तीन-चार फूट पसरते, म्हणून तिला जमिनीत किंवा मोठ्या कुंडीतच जागा द्यावी. दुसरी साल्व्हिया एलेगन्स. हिच्या पानाला पिकल्या अननसाचा वास येतो. थंडीत येणारी तिची लाल फुले बारीक आणि नाजूक असतात. फुलली नाही तरी केवळ पानांसाठी ती कुंडीत ठेवावी अशी आहे. एक-दोन पाने लिंबाच्या सरबतात टाकली की घरातली मुले तिला ओळखू लागतात.

या दोघींना दिवस मोजता येतो, हे मात्र विसरू नये. रात्र लांब झाल्याशिवाय त्यांना कळी येत नाही. माझी एक ल्यूकँथा कुंपणाच्या भिंतीजवळ रस्त्याच्या दिव्याखाली होती. बागेतली दुसरी दिवाळीनंतर बहरली तरी ही नुसती पालाच काढत राहिली. कुंडी उचलून घराच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेली आणि काही आठवड्यांत तुरे आले. गच्चीवर रात्रभर दिवा जळत असेल तर या जाती तिथे ठेवू नयेत.

दुसरे माहेर टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोचा कोरडा पट्टा. निळी साल्व्हिया म्हणून आपल्या रोपवाटिकांत मिळते ती साल्व्हिया फॅरिनेसिया इथली. तिच्या दांडीवर आणि निदलांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव असते, आणि नावातल्या फरिना या लॅटिन शब्दाचा अर्थही पीठच. उन्हाला ती डगमगत नाही. नवशिक्या माणसाने एकच साल्व्हिया लावायची म्हटली तर मी हिचे नाव घेईन. तुरे संपले की चार-सहा बोटे दांडी ठेवून छाटावी, ती पुन्हा फुटते आणि निचरा चांगला असला तर पाऊसही काढते. याच पट्ट्यात, खडकाळ आणि चुनखडीच्या जमिनीत, साल्व्हिया ग्रेगाय आणि तिची बहीण मायक्रोफिला वाढतात. चिवाहुआच्या वाळवंटी भागात वर्षाला जेमतेम 200 ते 300 मिलिमीटर पाऊस पडतो. यांची पाने लहान आणि फांद्या काटक असतात. लाल, गुलाबी, पीच, पांढरा असे कितीतरी रंग त्यांत आहेत. या दोन जातींचा निसर्गतःच झालेला संकर मेक्सिकोच्या कोआविला राज्यात सापडला, तिथल्या हामे या गावावरून त्याला हामेन्सिस नाव पडले, आणि आज बाजारात येणारे असंख्य वाण त्या संकरातून निघाले आहेत. लाल-पांढऱ्या दुरंगी ओठांचा 'हॉट लिप्स' हा मायक्रोफिलाचा वाण हवेप्रमाणे रंग बदलतो. एकाच झाडावर कधी सगळी लाल, कधी दुरंगी, कधी पांढरी फुले दिसतात. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा या कमी पावसाच्या भागांत या जाती जमिनीत लावून पाहाव्यात. कोकणात मात्र अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे त्यांना पत्र्याखालची किंवा पडवीतली कुंडीच बरी. ऑस्टिन, डॅलस किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकांनी तर यांच्यापासूनच सुरुवात करावी.

तिसरे माहेर ब्राझील. आपली ओळखीची लाल साल्व्हिया स्प्लेन्डेन्स तिथल्या डोंगराळ, दमट रानातली. मूळ रूपात ती बहुवर्षायू आहे आणि चार फुटांपर्यंत उंच जाते. एकोणिसाव्या शतकात ती युरोपातल्या बागांत पोहोचली. तिथल्या बागकामगारांनी बुटके आणि लवकर फुलणारे वाण निवडत नेले, आणि त्यातून आजची वीतभर उंचीची हंगामी साल्व्हिया तयार झाली. रानातले माहेर आठवले की तिच्या सवयी कळतात : तिला कोरडे ठेवलेले चालत नाही, दुपारचे कडक ऊन तिला कोमेजवते, आणि जांभळ्या व फिक्या रंगाचे वाण उन्हात लवकर विटतात. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली ही तिची जागा. गडद निळी ग्वारानिटिका दक्षिण अमेरिकेच्या त्याच बाजूची. ब्राझील, पॅराग्वे, उरुग्वे, अर्जेंटिनात ती वाढते आणि ग्वारानी लोकांवरून तिचे नाव पडले. तिची निळी फुले एकदा पाहिली की विसरत नाहीत. तीही पाणी मागते आणि अर्धी सावली सोसते.

चौथे माहेर भूमध्य समुद्राचा काठ. तिथे पाऊस हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा जातो, आपल्या अगदी उलट. माझी सेज तीनदा का मेली याचे उत्तर या एका वाक्यात आहे. उष्मा आणि पाणी एकत्र ही गोष्ट तिच्या अनुभवातच नाही. तिला जगवायचे तर मातीच्या कुंडीत, निम्मी जाड वाळू किंवा बारीक खडी घालून, जून ते सप्टेंबर वळचणीखाली ठेवावे. आणि एखादे वर्षी गेलीच तर ऑक्टोबरात नवे रोप आणून हिवाळी पीक म्हणून तिची पाने खावीत. रोझमेरीचेही हेच. शास्त्रज्ञांनी 2017 साली रोझमेरीलाही साल्व्हियातच सामावून घेतले आणि आता तिचे शास्त्रीय नाव साल्व्हिया रोझमेरिनस आहे. जिने कधी सेज पाळली असेल तिला ही सोयरीक आधीच कळलेली असते.

आणखी एका जातीला मी वेगळे ठेवते, कारण तिला माहेर आणि सासर हा भेदच राहिलेला नाही. साल्व्हिया कॉक्सिनिया मूळची अमेरिका खंडातली, पण उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरली आहे आणि आपल्या निलगिरीसारख्या डोंगरांत रानटी होऊन वाढते. तिचा 'लेडी इन रेड' हा लाल वाण 1992 साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या पुरस्काराचा मानकरी ठरला. पांढऱ्या-कोरल रंगाचा 'कोरल निम्फ' मला त्याहून गोड वाटतो. एकदा लावली की बी पडून पुढच्या वर्षी आपली आपण उगवते. शहरातल्या बागेत हा गुण, रानाच्या कडेला हाच दोष. महाबळेश्वर, कास, आंबोलीच्या परिसरात घर किंवा शेत असणाऱ्यांनी ती लावू नये आणि बागेतला पालापाचोळा पठारावर कधीही टाकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिथल्या फुलांना जागा आधीच कमी आहे.

निवडीनंतर लागवड. तपशील पुढच्या प्रकरणांत आहेत. इथे फक्त ज्यांवाचून काही चालत नाही त्या गोष्टी सांगते. पहिली निचरा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. तीत साल्व्हिया लावायची तर वाफा वीतभर उचलून घ्यावा, मुरूम किंवा जाड वाळू मिसळावी, कुजलेले शेणखत द्यावे. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत निचरा असतो, तिथे खताची भर जास्त लागते. कुंडीसाठी मी दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कोकोपीट आणि एक भाग गांडूळखत घेते. सेज आणि ग्रेगायसाठी कोकोपीट वगळून त्या जागी वाळू वाढवते.

दुसरी गोष्ट बी. स्प्लेन्डेन्सच्या एका ग्रॅममध्ये अडीचशेच्या आसपास बिया असतात, फॅरिनेसियाच्या आठशेच्या आसपास. ताजे बीच घ्यावे, स्प्लेन्डेन्सचे जुने बी रुजत नाही. पाऊस ओसरताना, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरात, प्लग ट्रेमध्ये पेरणी करावी. स्प्लेन्डेन्सच्या बियांना उजेड लागतो, तेव्हा त्या खोल पुरू नयेत, वर कोकोपीटची नुसती भुरभुर पुरते. दहा-पंधरा दिवसांत रोपे वर येतात. या अवस्थेत पाण्याचा अतिरेक झाला तर रोपे बुडाशी काळी पडून आडवी होतात. माळी याला मर लागणे म्हणतात. पाणी सकाळी, बेताने, फवाऱ्याने. चार ते सहा पाने आली की रोपे हलवावीत, स्प्लेन्डेन्स नऊ-दहा इंचांवर, फॅरिनेसिया एक फुटावर. रोप रुळले की शेंडा खुडावा. नवशिक्याच्या जिवावर येणारे हे काम आहे, पण एक शेंडा खुडला की दोन फांद्या फुटतात आणि दोन तुरे येतात. पेरणीपासून बुटक्या वाणांना फूल यायला साधारण अडीच-तीन महिने लागतात. सप्टेंबरची पेरणी डिसेंबरात फुलते ती यामुळे.

तिसरी गोष्ट छाटकलम. ल्यूकँथा, एलेगन्स, ग्वारानिटिका, ग्रेगाय या जाती बियांपेक्षा फांदीनेच वाढवाव्यात. फूल नसलेली, तीन-चार इंचांची फांदी पेराच्या खाली कापावी, खालची पाने काढावीत आणि ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत खोचावी. वरून अर्धी कापलेली प्लास्टिकची बाटली पालथी घातली की दमटपणा टिकतो. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. युरोपातले लोक थंडीआधी कलमे करून ठेवतात, आपण पावसाआधी करावीत : फेब्रुवारी-मार्चमध्ये केलेली कलमे जूनपर्यंत हाती लागतात, ती वळचणीखाली ठेवावीत, म्हणजे मोठे झाड पावसात गेले तरी वंश राहतो. ही एक सवय लावून घेतल्यापासून माझी एकही जात बागेतून कायमची गेलेली नाही.

खताविषयी एवढेच, की कमी द्यावे. जास्त नत्राने पाला माजतो, दांड्या लोळतात, तुरे विरळ होतात. पांढरी माशी, पिठ्या ढेकूण आणि उन्हाळ्यात लाल कोळी यांचे लक्ष पानांच्या मागच्या बाजूला असते, तेव्हा पाणी घालताना पान उलटून पाहावे. सुरुवातीला पाण्याचा जोराचा फवारा आणि मग निंबोळी अर्क एवढ्यावर घरच्या बागेत बहुतेक वेळा भागते. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येतात, त्यांना हाताने वेचण्यासारखा दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आता या झाडाच्या सगळ्यांत सुंदर गोष्टीकडे येते. ख्रिश्चन कोनराड श्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाने 1793 साली फुले आणि कीटक यांच्या नात्यावर ग्रंथ लिहिला. साल्व्हियाचे फूल कसे चालते हे त्यात त्याने उलगडून दाखवले. या फुलात दोनच केसर काम करतात, आणि प्रत्येकाची रचना ढेकीसारखी असते : कांडताना एका टोकावर पाय दिला की दुसरे टोक हलते, तशी. खालचे टोक मधाच्या वाटेत आडवे असते. मधमाशी डोके आत घालून ते ढकलते, आणि वरचे टोक खाली येऊन तिच्या पाठीवर परागांचा ठसा उमटवते. फूल जुने झाले की कुक्षीची दांडी लांबून खाली झुकते, आणि दुसऱ्या फुलावरून आलेल्या माशीची पाठ तिला नेमकी त्याच जागी लागते. दोन ओठांच्या एवढ्याशा नळीत ही सगळी व्यवस्था आहे.

अमेरिकेतल्या लाल जाती मुख्यतः हमिंगबर्डसाठी घडल्या. त्यांतल्या बऱ्याच जातींत ढेकीचे काम उरलेले नाही. नळी लांब आणि अरुंद झाली, केसर ओठाबाहेर आले. हमिंगबर्ड आपल्याकडे नाहीत, पण त्यांची जागा शिंजिरांनी घेतली आहे. हिवाळ्यातल्या सकाळी कॉक्सिनियाच्या दांडीवर शिंजीर बसतो तेव्हा दांडी वाकते आणि तो तोल सांभाळत चोच आत घालतो. मोठा काळा भुंगा मात्र दारातून येत नाही. तो नळीच्या बुडाशी चीर पाडून मध पितो आणि परागांना स्पर्शही न करता निघून जातो. फुलाच्या तळाशी बारीक चीर दिसली तर कीड समजून औषध मारू नका. साल्व्हिया लावणाऱ्या घरात रासायनिक फवारणी नसावी, असे मी ठामपणे सांगते. ज्यांच्यासाठी फूल उमलले त्यांनाच विष दिले तर बाग कोणासाठी?

वाचकांकडून नेहमी येणारा एक प्रश्न इथेच मिटवते. चिया म्हणजे सब्जा का? नाही. चिया ही साल्व्हिया हिस्पॅनिका. नावात स्पेन असले तरी ती मेक्सिको-ग्वातेमालाची. ॲझ्टेक लोकांच्या मुख्य पिकांत ती होती आणि कोडेक्स मेंडोसा या जुन्या चित्रलिखितात खंडणीच्या वस्तूंत तिची नोंद आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिची लागवड भारतात रुजवायला हातभार लावला. सब्जा ही आपल्या रानतुळशीच्या जवळची, ऑसिमम प्रजातीतली. सब्जाचे बी एकसारखे काळे आणि पाण्यात चटकन फुगणारे, चियाचे करड्या ठिपक्यांचे आणि सावकाश फुगणारे. दोघी चुलतबहिणी, म्हणून दोघींच्या बियांना बुळबुळीत वेष्टन आहे.

या पुस्तकाची मांडणी माहेरांप्रमाणे आहे : मेक्सिकोचे डोंगर, कोरडा उत्तरेचा पट्टा, ब्राझील आणि भूमध्य काठ. प्रत्येक जातीच्या प्रकरणात आधी तिचा मुलूख, मग तिथला पाऊस, मग आपल्याकडची जागा, आणि शेवटी बारा महिन्यांचे काम असा क्रम ठेवला आहे. ते काम मी मराठी महिन्यांत लिहिले आहे, कारण बागेत काम करणारे माळीकाका आषाढ, भाद्रपद, मार्गशीर्ष याच भाषेत बोलतात आणि पाऊसही त्याच भाषेत अधिक नेमका सांगता येतो. ज्या माळीकाकांनी मला शेंडा खुडायला शिकवले, ज्या शेजारच्या वहिनींनी आपल्या गच्चीवरून ल्यूकँथाची पहिली फांदी दिली, त्यांच्याशिवाय हे पुस्तक झाले नसते. त्यांची नावे छापू नयेत अशी त्यांचीच इच्छा आहे.

वाचकाला शेवटी एवढेच सांगायचे आहे. सगळ्या जाती एकदम आणू नका. या वर्षी तीनच आणा : एक फॅरिनेसिया, एक ल्यूकँथा आणि एक तुमच्या मनाची. प्रत्येक कुंडीत जातीचे आणि वाणाचे नाव लिहिलेली पट्टी खोचा. एक वही करा आणि तीत पहिला पाऊस, पहिली कळी, पहिला शिंजीर यांच्या तारखा लिहा. पुढच्या फाल्गुनात ल्यूकँथाची चार कलमे करा. दोन पावसासाठी राखून ठेवा, एक शेजारी द्या आणि एक गावातल्या शाळेच्या अंगणात लावा.